सातव्या कायद्याला नऊ मार्क

१ जानेवारी, गुरुवार

अकरा! या वर्षी अकरा नवे कायदे. साहेबांनी सकाळी फळ्यावर यादी लावली, चार टाचण्या मारल्या आणि हात झटकून केबिनमध्ये गेले. झालं त्यांचं काम!

दरवर्षी हेच. एक तारीख उजाडली की राज्याला नवी अक्कल सुचते आणि ती लोकांच्या गळी उतरवायला आम्ही बसलेलेच. हेल्मेटचं वर्ष, मागच्या सीटवरच्या पट्ट्याचं वर्ष, गाडी चालवताना फोन उचलला तर दंड — त्याचं वर्ष. मला माझं वयसुद्धा आता कायद्यांवरूनच आठवतं. पट्ट्याच्या वर्षी मी चाळिशी ओलांडली. लोकांनी दोन्हींबद्दल सारखीच कुरकुर केली.

यादीतला सातवा वाचला आणि चहा तसाच राहिला. पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रत्येक परवानाधारकाने तीस जूनच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला आणायचा आणि रस्त्यावरची चाचणी पुन्हा द्यायची. नापास झाला किंवा आलाच नाही, तर परवाना रद्द.

बाबा अठ्ठ्याहत्तर.

"म्हणजे आता मास्तरांनाही यावं लागणार!" दाढीवाले म्हणाले. माझ्या शेजारच्या टेबलावरचे इन्स्पेक्टर. ते हसले, मग माझं तोंड बघून गप्प झाले. त्यांना गाडी बाबांनीच शिकवलीय. साहेबांनाही. निम्म्या शहराला! अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं त्यांनी. मी एकवीस वर्षं परवान्याच्या चाचण्या घेतेय. लोक म्हणायचे — बाप शिकवतो, लेक नापास करते.

२ जानेवारी

आमच्या घरात नव्या कायद्यांना मार्क द्यायची पद्धत आहे. मी यादी घरी आणायची, आईने मोठ्याने वाचायची, बाबांनी दहापैकी मार्क द्यायचे. विद्यार्थ्यांना द्यायचे तसे. फोनवाल्या कायद्याला आठ मिळाले होते. हॉर्नवाल्याला शून्य. "ज्याने हा लिहिला तो कधी गाडीत बसलाय का?"

यंदा आई म्हणाली, "तुम्हीच वाचा हो, माझा घसा दुखतोय." बाबांनी वाचली. सातवा यायला लागला तशी मी उठून स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे सरकवत बसले. आतून ऐकलं. आवाज जराही हलला नाही त्यांचा.

"नऊ," बाबा म्हणाले. "हा दहा वर्षांपूर्वीच यायला हवा होता."

मी बाहेर आले. "एक मार्क कशाचा कापला?"

"शेजारी कोण बसतं ते विचारलेलंच नाही."

आई हसली. चहाचा कप खाली ठेवताना तिने आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली. हात थरथरतात हल्ली तिचे.

५ जानेवारी, सोमवार

सोमवार, बुधवार, शुक्रवार — आईचं मशीन. आधी साखर, मग त्या साखरेने मूत्रपिंडं खाल्ली, तीन वर्षं झाली. सकाळी साडेआठला दोघं निघतात. वीस मिनिटांचा रस्ता, चार तास सुई, वीस मिनिटं परत. आजवर एकदाही चुकलेलं नाही. बाबा गाडी दारात आणून लावतात, खाली उतरून आईसाठी दार उघडतात, तिचा पदर आत घेतात, मग दार लावतात. आई बसते ती शेजारच्या सीटवर. स्कूलच्या दिवसांत बाबा बसायचे त्या जागी.

आणि लगेच सुरू! "हळू घ्या. पुढे खड्डा आहे. लाल आहे हं, थांबा. आता निघा." फाटकापासून दवाखान्यापर्यंत तोंड बंद नाही. ज्याने अठ्ठावीस वर्षं जगाला गाडी शिकवली त्याला ही शिकवते! मी असते तर तिसऱ्या चौकात उतरवलं असतं. बाबा म्हणजे — "बरं. हो. बरं."

तीस जूननंतर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. मी सोडीन म्हणावं तर आठवड्यातून तीन सकाळी रजा कोण देणार? भाड्याच्या गाडीचं नाव काढलं तर आई म्हणाली, "मी यांच्याच गाडीत बसते. नाहीतर मी आपली घरीच बरी."

हसत म्हणाली. पण मी ओळखते तिला.

१४ जानेवारी

बाबांचा अर्ज मीच भरला. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची चाचणी मला घेता येत नाही, तसं लिहून दिलं. दाढीवाले घेतील. तारीख — १९ मार्च.

बाबांनी फक्त विचारलं, "दाढीवाला क्लच अजून अर्धा दाबून ठेवतो का?"

९ फेब्रुवारी

डोळ्यांचा दाखला आणला. डॉक्टर बाबांचा जुना विद्यार्थी. आम्हाला बघून खुर्चीतून उठलाच! "मास्तर, तुम्ही मला आरसे बघायला शिकवलंत, तुमचे डोळे मी काय तपासणार!" मला बाहेर बसवलं. दहा मिनिटांत बाबा दाखला घेऊन बाहेर. दहाच मिनिटांत! निघताना डॉक्टर दारापर्यंत आला. "मास्तर, पुढच्या वेळी काकूंनाही आणा." बाबा म्हणाले, "बघू." तोडूनच टाकलं जरा.

घरी येईपर्यंत मनात एकच किडा. तपासले का खरंच? का आदरापोटी सही ठोकली?

विचारलं नाही. दाखला हातात असताना कोण विचारतं?

२२ फेब्रुवारी, रविवार

जे मी आयुष्यभर दुसऱ्यांना करू दिलं नाही, ते आज केलं. बाबांना चाचणीच्या रस्त्यावर फिरवून आणलं.

हा रस्ता आमच्या खात्यातल्यांनाच माहीत असतो. कार्यालयाचं फाटक, पोस्टाचा चौक, चढ, शाळेची गल्ली, उलटी गाडी लावायची जागा, परत. चार सिग्नल. पंधरा वर्षं तोच. एजंट लोक पैसे घेऊन उमेदवारांना तो घोकवतात आणि आम्हाला ते दिसतं — वळण यायच्या आधीच हात वळायला लागतात. अशांना मी हमखास वेगळ्या गल्लीत नेते. तिथे त्यांची त्रेधा उडते.

बाबांनी एकदा स्कूलमधला एक शिक्षक याच कारणासाठी काढून टाकला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. "रस्ता पाठ केलेला माणूस पहिल्या नव्या वळणाला मरतो," ते त्याला म्हणाले होते. "नाहीतर मारतो."

आज मी म्हटलं, "बाबा, फक्त भीती जावी म्हणून." ते म्हणाले, "कुणाची?"

तीन फेऱ्या मारल्या. चुकीला जागाच नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१ मार्च, रविवार

पुन्हा दोन फेऱ्या. बाबा कंटाळले. "पोरी, हा रस्ता पास होईल आता," म्हणाले.

१९ मार्च, गुरुवार

पास! शंभरपैकी शंभर! दाढीवाले गाडीतून उतरले ते दोन्ही कान धरून. "मॅडम, माझीच परीक्षा झाली. मास्तरांनी मला तीनदा सांगितलं, पट्टा नीट लाव."

साहेबांनी स्वतः बाहेर येऊन हात मिळवला. मी फाइलीत तोंड घालून बसले होते, कारण डोळे भरून आले होते आणि माझ्या टेबलासमोर नापासांची रांग होती.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे एकटे गेले? शेजारी कुणी बोलायला नव्हतं?" आणि मग कितीतरी वेळ गप्प. मला वाटलं, आनंदाने.

२० मार्च

आज गोड केलं. आई सोडून सगळ्यांनी खाल्लं. सगळे म्हणजे बाबा आणि मी!

१३ एप्रिल, सोमवार

आईचा घसा पार बसला. सर्दी. शब्द फुटत नाही, नुसती हवा.

आणि साडेआठला बाबा आत येऊन म्हणाले, "गाडी सुरू होत नाही. बॅटरी गेली बहुतेक." आई खुर्चीत बसून त्यांच्याकडे तोंड करून मान हलवत होती. भाड्याची गाडी बोलावली, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आईला पोचवलं. ती सबंध रस्ताभर माझा हात धरून बसली होती.

संध्याकाळी सहज किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीत सुरू! खिडकीत बाबा उभे होते.

१५ एप्रिल, बुधवार

आईला आवाज नाही. "बॅटरी" अजून गेलेलीच आहे. पुन्हा भाड्याची गाडी.

दोन अधिक दोन मला येतं. पण करवत नाहीये.

१७ एप्रिल, शुक्रवार

आईचा आवाज आला — घोगरा, पण आला. आणि काय नवल! गाडीही बरी झाली.

मी म्हटलं, आज मीही येते, दवाखान्यातून परस्पर कार्यालयात जाईन. मागे बसले. पट्टा लावला. या गाडीत मागे मी बारा वर्षांनी बसले असेन.

"निघा. हळू. खड्डा येतोय. हं, झाला. आता चौक. लाल. थांबा... अजून लालच आहे... हिरवा, निघा."

आयुष्यभर ज्याला मी कटकट म्हणत आले, ते आज इन्स्पेक्टरच्या कानांनी ऐकलं. ही कटकट नाही. ही सूचना आहे. एक माणूस बघतोय आणि दुसरा चालवतोय!

पोस्टाच्या चौकात समोरून ट्रक वळत होता. खोटं कशाला लिहू — मी डोळे मिटून घेतले. एकवीस वर्षांत हजारो लोकांच्या शेजारी बसले, कुणाच्या गाडीत डोळे मिटले नव्हते. नंतरचा सबंध रस्ता मी नुसता ऐकत होते. "लाल. थांबा. हिरवा. निघा." देवाचं नाव घेत होते आणि आई एकेक रंग सांगत होती.

पोचलो. बाबांनी उतरून तिचं दार उघडलं.

आता सगळं उलगडलं. दहा मिनिटांचा दाखला. घोकलेला रस्ता, सिग्नलला पुढची गाडी थांबली की थांबायचं — आणि तो घोकवला कुणी? मी! आंधळ्या माणसाला शंभरपैकी शंभर मिळवून दिले ते मी.

१८ एप्रिल

सातव्या कायद्याला खाली एक पोटकलम आहे. पहिल्या दिवशी मीच ते सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. परवानाधारक गाडी चालवायला योग्य नाही, असं खात्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं तर पंधरा दिवसांत लेखी कळवणं बंधनकारक. कुणाच्याही. नात्यातल्याला सूट नाही.

काल सतरा. म्हणजे मुदत दोन मेपर्यंत.

२० एप्रिल, सोमवार

आज पुन्हा रजा. बाबा खाली फार्मसीत गेले तेव्हा आईच्या पलंगाशी बसले. मशीन घरघरत होतं. म्हटलं, "आई, बाबांना सिग्नल दिसत नाहीत ना?"

ती दचकली नाही. "कोणी सांगितलं?"

"मी मागे बसले होते."

छताकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "दोन वर्षं होऊन गेली. एकदा इथनं परत जाताना त्यांनी लाल तोडला. भरधाव. देवाने वाचवलं. ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सांगायला लागले. ते ऐकायला लागले."

"आई, तुमच्या दोघांचा नाही, रस्त्यावरच्या एखाद्याचा जीव जाईल!"

"दोन वर्षांत ओरखडा आला का गाडीला?"

नाही आलेला. मी तपासलंय.

"तुझ्या त्या कायद्याला सांग," ती म्हणाली, "आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर आहोत. या मशीनला मी का येते, माहितीय? मला आता कशाचा उपयोग राहिला नाही गं. स्वयंपाक तू करतेस. सुईत दोरा ओवत नाही मी. पेपर वाचत नाही. ती जायची वीस आणि यायची वीस मिनिटं — तेवढ्यात मी कुणाच्या तरी कामाची असते. ते बंद केलंस तर हेही बंद कर."

नळीतून तिचं रक्त जात होतं, येत होतं. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. बाबा औषधं घेऊन आले आणि आम्ही दोघी हवेबद्दल बोलायला लागलो.

२४ एप्रिल

लिहिलं. फाडलं.

२७ एप्रिल, सोमवार

आज माझ्यासमोर एक बाई रडली. तिसऱ्यांदा नापास. "मॅडम, मला नोकरीसाठी हवाय हो परवाना." मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "रस्त्यावर इतरही लोक असतात, ताई." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकवेना.

साडेआठपासून साडेनऊपर्यंत फोन पहिल्या घंटेलाच उचलते. शहरात कुठेही भोंगा वाजला की मी घड्याळ बघते. दाढीवाल्यांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" त्यांनाही सांगता येत नाही. शंभर मार्क त्यांनीच दिलेत.

२९ एप्रिल

बाबांनी मला पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसवलं तेव्हा मी अठराची. आणि खात्यात लागले तेव्हा एकच गोष्ट सांगितली होती त्यांनी. "चाचणी घेताना उमेदवार काय बोलतो ते ऐकू नकोस. घाबरलेली माणसं वाट्टेल ते बडबडतात. पाय बघ. पाय खोटं बोलत नाहीत." एकवीस वर्षं मी लोकांचे पाय बघत आले. लोक म्हणतात, मॅडम वर मान करून बघतसुद्धा नाहीत.

अशा माणसाविरुद्ध अर्ज लिहायचाय मला.

१ मे, शुक्रवार

केलं. उद्यावर टाकलं असतं तर झालंच नसतं.

आई आत पडली होती. कागद बाबांच्या पुढे ठेवला. त्यांनी चष्मा न लावता सगळा वाचला, पार तळच्या बारीक अक्षरांपर्यंत. जवळचं दिसत असेल. लांबचं जातं आधी, माहितीय मला.

"खाली लिहिलंय, फेरतपासणी मागता येते," मी म्हटलं. "मागा, बाबा. मोठ्या दवाखान्यात डोळे दाखवू. उपचार असेल काही."

"तू काय पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"मी मागे बसले होते. आई तुम्हाला सिग्नल सांगत होती. सगळे. मी ऐकलं."

"ऐकलंस." 

एवढंच म्हणाले. रागावून नाही. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील — तोंड उघडलंही होतं. मग आतून आईने विचारलं, "कोण बोलतंय हो?" आणि ते त्या दाराकडे बघत राहिले. मग खिशातून परवाना काढला. नवा कोरा, १९ मार्चचा. कागदावर ठेवला.

"फेरतपासणी नको. जे ऐकलंस ते लिहिलंयस. देऊन टाक."

"बाबा —"

"तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. नऊ मार्क मीच दिलेत त्याला."

मी रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. उलटं व्हायला हवं होतं.

२ मे

दिला. साहेबांनी वाचला, दोनदा वाचला, शिक्का मारला. "फार अवघड काम केलंत मॅडम," म्हणाले. दाढीवाले माझ्याशी बोलले नाहीत.

४ मे, सोमवार

आई गेली नाही. मशीनला. सरळ नाही म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. भाड्याची गाडी दारात वीस मिनिटं उभी राहून निघून गेली. मी ओरडले, हात जोडले, पाया पडले. "कायदा सांभाळ तू," ती म्हणाली.

तीन वर्षांत पहिल्यांदा चुकलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "एखादा दिवस निघेल. दोन नाही."

५ मे

पाय सुजलेत. दम लागतोय, वाक्य पुरं होत नाही. मी तिचं पाणी मोजत बसलेय आणि ती माझ्याशी बोलत नाही.

कायदा बरोबर आहे. मी बरोबर आहे. आणि माझी आई मरतेय — कुठे लिहू हे? कुठल्या रकान्यात?

संध्याकाळी बाबा तिच्यापाशी बसले. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं. "अगं, पोरगी उद्या स्वतः नेते म्हणतेय. पण मला तिची भीती वाटते. खात्याची गाडी चालवून चालवून हात बिघडलाय तिचा. सिग्नलकडे लक्ष नसतं. मी मागे बसतो, मला काही तिला सांगता येणार नाही. तू पुढे बस. तू सांगत जा."

माझा हात बिघडलाय! माझं सिग्नलकडे लक्ष नसतं! एकवीस वर्षं!

मग आई, धापा टाकत, "पहिल्यापासूनच घाईची आहे ती."

६ मे, बुधवार

गेली! पुढे बसली. बाबांनी पदर आत घेतला, दार लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागे जाऊन बसले.

साहेबांनी तीन सकाळच्या दोन-दोन तासांची सवलत दिलीय, संध्याकाळी भरून काढायची. मागायला गेले तर म्हणाले, "मास्तरांसाठी एवढं तरी."

आणि आईची सुरुवात — "हळू. खड्डा. लाल आहे, थांब. लक्ष कुठंय तुझं? हिरवा, नीघ." दात ओठ खात चालवली. मी थांबलेलीच असते, तेव्हा ही सांगते थांब! पण परत येताना तिच्या आवाजात दम होता आणि सूज उतरायला लागली होती. म्हटलं, सांग बाई. जन्मभर सांग.

८ मे, शुक्रवार

आईने आज मला दहापैकी सहा मार्क दिले. बाबा मागून म्हणाले, "सहा जास्त झाले." तिघंही हसलो. पुष्कळ दिवसांनी.

११ मे, सोमवार

पोस्टाच्या चौकात हिरवा होता. मी वेग न कमी करता निघाले आणि एक कुत्रं आडवं आलं. करकचून ब्रेक दाबला. गाडी भर चौकात थांबली.

"लाल," आई म्हणाली. "थांब."

सिग्नल हिरवा होता. ऐन समोर, लख्ख हिरवा. मी आईकडे पाहिलं. ती सरळ त्या दिव्याकडेच बघत होती.

आरशात बाबा. त्यांनी कुत्रं पाहिलं होतं, सिग्नल पाहिला होता, माझा चेहराही पाहिला. हळूच ओठांवर बोट ठेवलं.

आधी ब्रेकवरचा पाय. मग तिचा आवाज. दोन वर्षांपूर्वी 'तोडलेला' तो लालही हिरवाच असणार. बाबा चालवत होते त्या शुक्रवारीही हेच झालं असणार. बघायला मी मागे बसले होते, आणि डोळे मिटून घेतले.

मागून हॉर्न वाजायला लागले. मी ब्रेकवरून पाय काढला. गाडी हलली.

"हिरवा," आई म्हणाली. "नीघ आता."

"हो आई."